धुराऐवजी काय?

विडी किंवा सिगारेट सोडणाऱ्या माणसाचे शरीर दोन निरनिराळ्या गोष्टी मागत असते. एक मागणी रक्ताची, म्हणजे निकोटीनची. दुसरी हातातोंडाची. दोन बोटांत धरायला काहीतरी हवे असते, ओठांना काही टेकायला हवे असते, घशाला झटका बसावा, श्वास छाती भरून आत जावा, जेवण झाल्यावर तोंडाची चव बदलावी असे वाटत राहते. पहिली मागणी साधारण दोन ते चार आठवड्यांत ओसरते. दुसरी दिवसाच्या ठरलेल्या वेळांना आणि ठरलेल्या माणसांना चिकटलेली असते, त्यामुळे ती अधिक चिवट. धुराऐवजी हाताला आणि तोंडाला काय द्यायचे, हा प्रश्न म्हणूनच तंबाखूइतकाच जुना आहे.

हा इतिहास पाहायला सातारा जिल्ह्याचे उत्तर टोक सोयीचे आहे. नीरा नदी आणि खंबाटकी घाट यांच्यामध्ये खंडाळा तालुका पसरला आहे (लोणावळ्याशेजारचे थंड हवेचे खंडाळे वेगळे). शिरवळ, लोणंद, सावित्रीबाई फुल्यांचे जन्मगाव नायगाव ही त्यातली गावे. घाट उतरून कृष्णेच्या काठाने खाली गेले की वाई, कराड आणि पुढे सांगली. या पट्ट्यात तंबाखूने चार शतकांत बरीच रूपे बदलली. कधी सोय, कधी लाज, कधी कारखान्याचा नियम म्हणून एक रूप जाऊन दुसरे आले. तंबाखू मात्र बहुतेक वेळा तीच राहिली.

तंबाखू येण्याआधीही या देशात धूर ओढला जात होता. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायात धूमपानाची पुरी कृती दिली आहे. वेलची, दालचिनी, चंदन, जटामांसी, ज्येष्ठमध, गुग्गुळ अशी द्रव्ये वाटून त्यांचा लेप बोरूच्या काडीवर द्यायचा. आठ अंगुळे लांब, अंगठ्याएवढी जाड, मध्ये फुगीर आणि टोकांना निमुळती वात वळायची. वाळल्यावर आतली काडी ओढून काढायची, वातीला तूप लावून ती नळीत बसवायची आणि पेटवायची. धूर घेण्याच्या वेळाही आठ सांगितल्या आहेत. झोपेतून उठल्यावर, दात घासल्यावर आणि जेवणानंतर या त्यांतल्या तीन. आजच्या विडीबाजाला विचारले तर तल्लफेच्या वेळा तो याच सांगेल. अति धूमपानाने बहिरेपणा, आंधळेपणा आणि चक्कर येते, असा इशाराही तिथेच आहे. नेमके माप, नळी, वात आणि ठरलेली वेळ या विधीला होती, पण त्यात निकोटीन नव्हते. हातातोंडाची मागणी ही रक्ताच्या मागणीहून वेगळी असू शकते, याचा इथला हा सर्वात जुना लेखी पुरावा म्हणता येईल.

तंबाखू पोर्तुगिजांबरोबर सोळाव्या शतकात गोव्याला आली आणि तिथून दख्खनेत पसरली. १६०४-०५ च्या सुमारास अकबराचा वकील असद बेग विजापूरहून आग्र्याला परतला, तेव्हा बादशहाला नजर करायला त्याने तंबाखू आणि रत्नजडित नळी नेली. विजापुरात ही वस्तू त्याने प्रथम पाहिली होती. अकबराने थोडे झुरके घेतले, हकिमाने हरकत घेतली, बादशहाने पुढे नाद केला नाही. दरबारातले सरदार मात्र लगेच मागू लागले आणि व्यापाऱ्यांनी माल आणायला सुरुवात केली. १६१७ मध्ये जहांगीरने तंबाखूवर बंदी घातली, ती कागदावरच राहिली. असद बेगने ज्या विजापूरहून ही नळी नेली, त्याच विजापूरच्या अमलाखाली वाई-कराडचा मुलूख होता, आणि शिरवळच्या सुभानमंगळ कोटात पुढे आदिलशाही अंमलदार बसत. म्हणजे आग्र्याच्या दरबाराने जी वस्तू नवलाईने पाहिली, ती ज्या राज्यातून गेली त्याचाच हा प्रदेश.

हुक्का आणि गुडगुडी ही वाड्यांची चैन. हुक्क्यात गुळाबरोबर मळलेली तंबाखू, म्हणजे गुडाखू, जळे. शेतकऱ्याकडे होती ती मातीची चिलीम. चिलमीच्या नळीत एक खडा टाकायचा म्हणजे तंबाखू ओढताना तोंडात येत नाही. वर चुरलेली तंबाखू भरायची. चकमक झाडून कापूस पेटवायचा आणि तो किंवा चुलीतला निखारा वर ठेवायचा. खालच्या टोकाला ओल्या फडक्याची छापी गुंडाळायची. मग दोन्ही हातांची पोकळ मूठ करून चिलीम तिच्यात धरायची आणि ओठ चिलमीला न लावता अंगठ्याजवळच्या फटीतून दम मारायचा. ओल्या छापीमुळे धूर जरा गार होतो, पण घशाला ठसका लागतोच, आणि ओढणाऱ्याला तो हवाही असतो. या कृतीत बोटे, तळवे, ओठ, घसा, छाती आणि नाक असे सारे अंग गुंतते. शिवाय चिलीम एकट्याची नसते, ती फिरते. पुढच्या माणसाला ती सोडायला सांगणे म्हणजे त्याला त्या वर्तुळातून उठवणे. बहिष्काराला ‘हुक्कापाणी बंद’ म्हणण्याची रीत याच अनुभवातून आली.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आगपेटी आणि टेंभुर्णीच्या पानाची विडी यांनी चिलमीचा हा पसारा आवरला. विडी खिशात मावते, एकट्याला ओढता येते, भरायची-झाडायची खटपट नाही. चिलमीतली हातांची बरीच कामे गेली, पण एक नवे आले. विडी सारखी विझते आणि पुन्हा पेटवावी लागते, त्यामुळे ओढणाऱ्याला ती जोराने आणि पुन्हापुन्हा ओढावी लागते. सोपी झालेली वस्तू अधिक वेळा ओढली गेली. या भागाच्या दक्षिणेला निपाणी आणि जयसिंगपूर या तंबाखूच्या मोठ्या पेठा वाढल्या आणि कृष्णाकाठची काळी जमीन त्यांना माल पुरवू लागली. सीमेपलीकडच्या निपाणीतच १९८१ मध्ये तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली आंदोलन झाले आणि पोलिसांच्या गोळीबारात १२ शेतकरी मारले गेले. पिकाशी पोट इतके बांधलेले असताना ‘सोडा’ म्हणणे या भागात कधीच साधे नव्हते.

धुराला सर्वात मोठा पर्याय ठरली ती मात्र विडी नव्हे, तर चुन्याबरोबर मळलेली तंबाखू. डाव्या तळहातावर चिमूटभर तंबाखू, तिच्यावर नखाने काढलेला चुना, उजव्या अंगठ्याची घासणी, मग बोटांनी थापटून भुकटी उडवणे आणि उरलेला बार खालच्या ओठात किंवा गालात. यात चुना काय करतो, हे रसायनशास्त्राने फार उशिरा सांगितले. निकोटीन हे अल्कधर्मी द्रव्य आहे. तोंडातील लाळ अल्कधर्मी झाली की ते मोकळे होऊन गालाच्या आतल्या त्वचेतून रक्तात शिरते. सिगारेटचा धूर आम्लधर्मी असल्यामुळे तो तोंडात धरून भागत नाही, फुप्फुसात ओढावाच लागतो. फुप्फुसातून निकोटीन मेंदूपर्यंत दहा-वीस सेकंदांत पोहोचते. गालातून जायला कितीतरी अधिक वेळ लागतो, पण परिणाम जास्त काळ टिकतो. शेतात दोन्ही हात गुंतलेले असतात, वारा काडी टिकू देत नाही, गंजीजवळ आग नको. अशा ठिकाणी चुन्याने फुप्फुसाचे काम गालाकडे दिले.

गिरण्यांत हीच गोष्ट नियमाने झाली. मुंबईच्या कापड गिरण्यांत सातारा आणि रत्नागिरी या जिल्ह्यांतून मोठ्या संख्येने माणसे गेली. कापसाच्या खात्यात काडी ओढायला मनाई. विडी ओढायची तर बाहेर जायला हवे, आणि बाहेर गेले की जॉबरची, म्हणजे मुकादमाची, नजर. तोंडातल्या बाराला कोण पाहणार? अशा नियमांनी तंबाखू कमी झाली नाही, ती फक्त धुराची थुंकीची झाली. सरकारनेही पुढे नेमका हाच धडा गिरवला. २ ऑक्टोबर २००८ पासून देशभर सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी आली, आणि धुराविना चालणाऱ्या तंबाखूला त्या नियमाची झळ लागली नाही.

बायकांच्या बाबतीत कारण आगीचे नव्हते, लाजेचे होते. बाईने विडी ओढणे घरात खपत नसे. दात घासणे मात्र कुणाला खटकत नाही. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटून तिची पूड करायची आणि ती हिरड्यांना चोळायची. ही मिसरी, कुठे मशेरी. दाताच्या दुखण्यावर औषध म्हणून सुरू झालेली मिसरी सकाळच्या एका वेळेवरून दिवसातून चार-पाच वेळांवर जाते. कामाला बसायच्या आधी, जेवल्यावर, शेजारणीशी बोलताना उंबऱ्यावर बोट तोंडात असते. पुरुषाची विडी जिथे जिथे पेटते, तिथे तिथे बाईची मिसरी लागते. घरात मिसरी भाजली जाते तेव्हा उठणारा ठसका लहान मुलांनाही मिळतो, म्हणजे धूर टाळायला काढलेल्या रूपातही धूर उरतोच. सुशिक्षित घरांतील पुरुषांनी तपकिरीची डबी जवळ केली. तिथे घशाऐवजी नाकाला झटका, आणि धूम्रपान न केल्याचे समाधान.

नीरेपलीकडच्या पुणे जिल्ह्यात १९६० च्या दशकाच्या अखेरीला मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १,०१,७६१ खेडुतांची तोंडे तपासली. १९७२ मध्ये हे काम छापून आले. तोंडाच्या कर्करोगाचा आणि त्याआधीच्या चट्ट्यांचा संबंध तंबाखूच्या सवयींशी लावणाऱ्या जगातील मोठ्या पाहण्यांत त्याची गणना होते. खंडाळ्यापासून पाहिले तर ती नदीच्या पलीकडच्या काठावरची माणसे होती, सवयी त्याच. पुढच्या पाहण्यांनीही हाच कल दाखवला. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के निघाले आणि धुराविना तंबाखू घेणारे २४.४ टक्के. ‘धूर सोडून काय?’ या प्रश्नाला महाराष्ट्राने दिलेले प्रत्यक्ष उत्तर या दोन आकड्यांत आहे, आणि ते चुकीचे उत्तर आहे.

योगायोग असा की, आधुनिक औषधशास्त्रानेही आपला पहिला पर्याय चघळण्यातूनच शोधला. १९६७ च्या डिसेंबरमध्ये स्वीडनमधील लुंड विद्यापीठातील क्लास लुंडग्रेन यांनी हेल्सिंगबोर्गच्या एका औषध कंपनीतील संशोधक ओव्हे फर्नो यांना पत्र लिहिले. पाणबुडीतील आणि विमानातील माणसांना धूम्रपान करता येत नसे, तेव्हा ती तोंडात धरायच्या तंबाखूकडे वळतात आणि त्यांचे भागते, असे त्यांना दिसले होते. मुंबईत लालबागच्या गिरणीत जे बिनबोभाट चालत आले होते, तेच हे. फर्नो यांनी निकोटीन एका राळेत बांधून चघळगोळी तयार केली. ती १९७८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये बाजारात आली, १९८४ मध्ये अमेरिकेत. लाळ अल्कधर्मी ठेवण्यासाठी गोळीत सोडियमचे क्षार घातले जातात. तळहातावरचा चुना जे काम करतो तेच ते करतात. गोळी घेण्याची रीतही तंबाखूखोराला ओळखीची वाटावी अशी. साध्या च्युइंगगमसारखी ती सारखी चावायची नसते. हळूहळू चावून जिभेला चुणचुण जाणवली की थांबायचे, गोळी गाल आणि हिरडी यांच्यामध्ये ठेवायची, चुणचुण गेली की पुन्हा काही वेळा चावायचे. असे अर्धा तास. गोळीच्या आधी पंधरा मिनिटांत चहा, कॉफी किंवा लिंबू सरबत घेतले तर तोंड आम्लधर्मी होते आणि निकोटीन नीट शोषले जात नाही. गोळी घेऊनही ‘काही फरक नाही’ अशी तक्रार पुष्कळदा इथेच उगम पावते, कारण विडी आणि चहा या जोडीची सवय गोळीलाही लावली जाते.

गोळी रक्ताची मागणी भागवते, घशाची नाही. ही उणीव अमेरिकेतील जेड रोझ यांनी नेमकी पकडली. निकोटीनची पट्टी शोधणाऱ्यांपैकी ते एक. ड्यूक विद्यापीठाच्या डरहॅम या जुन्या तंबाखूनगरीत त्यांनी घशातल्या त्या झटक्यावरच प्रयोग केले. १९९० मध्ये त्यांच्या गटाने लिंबातील आम्लाचा तुषार श्वासातून दिला. तो घशात धुरासारखाच लागतो. १९९४ मध्ये त्यांनी काळ्या मिऱ्याच्या अर्काची वाफ सिगारेटसारख्या नळीतून ओढायला दिली. तिने तल्लफ आणि चिंता काही प्रमाणात कमी झाली. तुलनेला दिलेल्या पुदिन्याच्या वाफेने आणि रिकाम्या नळीने तसे झाले नाही. म्हणजे तल्लफेत घशाचा आणि छातीचा वाटा खराच होता. निकोटीनची तोंडात धरून ओढायची नळीही नव्वदच्या दशकात याच विचारातून आली. तिच्यात हात-ओठ-श्वास यांची कृती जशीच्या तशी राहते, बहुतेक निकोटीन मात्र फुप्फुसात न जाता तोंडातच शोषले जाते.

सातारा-सांगलीकडच्या घरात विडी सोडणाऱ्याच्या खिशात लवंग असते, त्यामागेही हाच तर्क आहे, कुणी तो मांडला नसला तरी. लवंग चावली की जीभ बधिरते आणि घशाला तिखट चटका लागतो. वेलची आणि ओवा जेवणानंतरची चव बदलतात, बडीशेप आणि धनाडाळ तोंड चालते ठेवतात. ज्येष्ठमधाची काडी ओठांत धरता येते, तिच्यात चावणे आणि धरणे दोन्ही भागते. वाळवलेला आवळा लाळ सोडवतो. फुटाणे हाताला एक-एक उचलण्याचे काम देतात. तासगावचे बेदाणेही तेच करतात, पण साखर बेताने. तल्लफेची लाट सहसा काही मिनिटांची असते. तेवढा वेळ हात आणि तोंड गुंतले की ती उतरते. त्यासोबत पाच-सहा दीर्घ श्वास घेतले तर आणखी एक गोष्ट साधते. झुरक्यातला काही आराम हा खोल श्वासाचाच असतो, आणि तो धुराशिवायही मिळतो.

हातांची गोष्ट वारकरी परंपरेने वेगळ्या वाटेने सोडवली. आषाढी वारीत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते, माउलींच्या पादुकांना नीरास्नान होते आणि मुक्काम पडतो तो खंडाळा तालुक्यातल्या लोणंदला. गळ्यात माळ घालणे म्हणजे चारचौघांत घेतलेला शब्द. दारू आणि मांस त्यात सुटतात. तंबाखूबाबत मात्र सांप्रदायिक मंडळींतही सैलपणा आहे, हे वारीत चालणाऱ्या कुणालाही दिसते. तरीही हातात टाळ, मुखात अभंग, चालीची लय आणि एका लयीतला श्वास हा दिवसाचे कित्येक तास चालणारा क्रम तल्लफेला जागाच ठेवत नाही. चिलमीचे वर्तुळ सुटले की माणूस एकटा पडतो, आणि दिंडी त्याला दुसरे वर्तुळ देते. गाडगेबाबांनी कीर्तनातून व्यसनांवर कोरडे ओढले. त्याच वाटेने सातारा जिल्ह्यातील कीर्तनकार बंडातात्या कराडकर यांनी व्यसनमुक्त युवक संघ उभा केला. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या पुढाकाराने निघालेले परिवर्तन व्यसनमुक्ती केंद्र वैद्यकीय बाजूने हेच काम करते. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेले मुक्तांगणही या भागाला जवळचे. कीर्तन आणि दवाखाना यांचा सूर वेगळा, पण दोघांनाही सोडणाऱ्याला नवी सोबत द्यावी लागते.

खोट्या पर्यायांची यादी खऱ्यांहून लांब आहे. सुपारी त्यात पहिली. ती निरुपद्रवी समजून विडीच्या जागी अनेकांनी घेतली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये नुसत्या सुपारीलाही कर्करोगकारक ठरवले. तोंड उघडणे कठीण करणारा तंतुमय विकार तिच्यामुळेच होतो. तंबाखू, सुपारी आणि चुना एकत्र घोटलेला मावा आणि पुडीतला गुटखा यांनी तर दोन्ही विषे एकत्र केली. महाराष्ट्राने २००२ मध्ये घातलेली गुटखाबंदी सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये रद्द केली. २०१२ मध्ये अन्नसुरक्षा कायद्याखाली ती पुन्हा आली. वनौषधींच्या विड्यांत निकोटीन नसते, पण जळणाऱ्या पानाचा कार्बन मोनॉक्साईड आणि डांबर असतेच. विजेवरची सिगारेट धुराची हुबेहूब नक्कल म्हणून आली आणि २०१९ मध्ये कायद्याने देशभर बंद झाली. तिच्या आधी २०१८ मध्ये राज्याने हुक्का पार्लरांवर बंदी आणली होती. असद बेगने दरबारात नेलेली नळी चारशे वर्षांनी उपाहारगृहातून बाहेर काढावी लागली.

आज खंडाळा किंवा शिरवळच्या औषधाच्या दुकानात २ मिलिग्रॅमची निकोटीन गोळी चिठ्ठीशिवाय मागता येते, पानाच्या चवीचीही. ४ मिलिग्रॅमच्या गोळीला डॉक्टरांची चिठ्ठी लागते. मात्रा ठरवताना एक साधी खूण उपयोगी पडते. सकाळी उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली विडी किंवा पहिला बार लागत असेल, तर सवय जबर आहे आणि डॉक्टरांशी बोलूनच सुरुवात करावी. २०२२ मध्ये केंद्र सरकारने निकोटीनची ही पर्यायी औषधे अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत घातली. लवंग आणि आवळा खिशात ठेवायला कुणाची परवानगी लागत नाही. मोफत सल्ल्याचा राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक १८००-११-२३५६ हा आहे आणि १ सप्टेंबर २०१८ पासून तंबाखूच्या वेष्टनांवर तो छापणे बंधनकारक आहे.